शिव्हने ‘हो’ का म्हटलं, ते आधी सांगा

‘सक्सेशन’ ही इंग्रजी मालिका, म्हातारा लोगन रॉय याची मीडिया कंपनी त्याच्या मुलांपैकी कुणाकडे जाणार याची. भांडण मुख्यतः केंडल, शिव्ह आणि रोमन या तिघांत, शिव्ह त्यांतली बहीण. या मालिकेचा शेवट ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. 2023 च्या मे महिन्यात संपलेल्या मालिकेचा शेवट मी फोडला म्हणून आता कुणी माझ्यावर रुसू नये.

आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये एकीने ही मालिका उशिरा पाहिली आणि विझलेला वाद पुन्हा पेटला. मुलुंडला सुरू झालेलं भांडण सीएसएमटीला उतरून तिकीट खिडकीपर्यंत गेलं. मुद्दा तोच, जुना. केंडलच्या बाजूने मत द्यायचं ठरलेलं होतं, मग ऐन बोर्ड मीटिंगमध्ये शिव्ह उठून का गेली? आणि परत येऊन त्या स्वीडिश मॅटसनला कंपनी विकायच्या बाजूने मत का दिलं? मतं सहा-सहा झालेली. तिच्या एका मताने सात-सहा झालं आणि भावाच्या हातातोंडाशी आलेला घास गेला.

एक म्हणते, जळली, दुसरं काय. दुसरी म्हणते, पोटात बाळ आहे, नवरा टॉम सीईओ होतोय, तिने हिशेब केला. तिसरी जरा गंभीर आहे, तिच्या मते शिव्हने कंपनी वाचवली, केंडलने सहा महिन्यांत दिवाळं काढलं असतं. गिरगावातली माझी मावशी सबटायटल वाचत वाचत सगळे चार सीझन बघून बसलीय. ती शिव्हला ‘शिवानी’ म्हणते आणि तिचा निकाल केव्हाच लागलाय: “बरं केलं शिवानीने. त्या थोरल्याला माज आला होता.”

मला मावशीचं म्हणणं या तिघींपेक्षा जास्त पटतं. पण तीसुद्धा प्रश्न उलट्या बाजूने धरते असं मला वाटतं.

आपल्याला मालिका बघायची सवय कशी लागलीय बघा. मराठी मालिकेत पात्राच्या मनात काय आहे ते पात्र स्वतःच सांगतं. खलनायिका जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहते, ‘आता बघच मी काय करते ते’ म्हणते, तीन वेळा झूम होतो, म्युझिक वाजतं. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चाललं, त्या काळात आपण हे पुरतं शिकून घेतलं. शेवटच्या आठवड्यात तर सगळे सगळ्यांची माफी मागतात, कारण मालिका बंद होतेय आणि गणपतीच्या आधी नवीन सुरू करायची आहे. मला त्याचा राग नाही, मीही जेवताना बघते. पण त्याने होतं काय, की एका कृतीमागे एकच कारण असणार आणि ते कुणीतरी मोठ्याने बोलणार, अशी आपण वाट बघत बसतो. मीटिंगमधून उठून गेल्यावर शिव्ह काचेच्या खोलीत भावांसमोर चार-पाच कारणं बोलते. आपण त्यातलं आपल्याला आवडलेलं उचलतो आणि घरी जातो.

ती कारणं तपासून बघा की. ती म्हणते, तुला हे जमणार नाही. बरोबर आहे, पण केंडलला जमत नाही हे तिला पहिल्या सीझनपासून माहीत आहे. मग ती काढते तो वेटर. तिच्याच लग्नात, केंडल चालवत होता त्या गाडीत बुडून मेलेला मुलगा, ज्याचं प्रकरण बापाने दाबलं. हे ऐकून आमची तिसरी मैत्रीण म्हणते, बघ, नैतिक कारण! कसलं नैतिक? तिसऱ्या सीझनच्या शेवटी इटलीत धुळीत बसून केंडलने स्वतःच तिला आणि रोमनला हे सांगितलं होतं. तेव्हा तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हे सगळं माहीत असूनच तिने बार्बाडोसला आईच्या घरी त्याला होकार दिला होता. आदल्या रात्री जी गोष्ट चालली, ती दुसऱ्या दिवशी अडचण कशी झाली?

म्हणून मी म्हणते, नकाराचं कारण शोधू नका, होकाराचं शोधा. मॅटसनने तिला अमेरिकेची सीईओ करतो म्हणून झुलवलं, आणि मागच्या मागे तिचं नाव कापलं. नात्यातल्या ग्रेगने भाषांतराचं अ‍ॅप लावून स्वीडिश बोलणं पकडलं, ते केंडलला कळवलं, केंडलने ते बहिणीला सांगितलं. त्या घावावर तिने होकार दिलाय. तो होकार केंडलला नव्हता, मॅटसनच्या विरोधात होता. मग किचनमधला तो धिंगाणा, मिक्सरमध्ये हाताला लागेल ते घालून भावाला पाजणं, ‘राजाचं जेवण’. फार गोड प्रसंग आहे. पण रागाच्या भरात दिलेला शब्द आणि रात्री दोन वाजताचं भावंडांचं प्रेम, यातलं काय न्यूयॉर्कच्या विमानातून उतरेपर्यंत टिकतं?

मी फोर्टला एका वकिलांच्या ऑफिसात काम करते आणि आमच्याकडे हक्कसोडपत्रांचा रतीब असतो. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क 1994 सालीच दिला. केंद्राचा कायदा 2005 चा. तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतोच, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. कायदा असा चढत गेला आणि बहिणी सह्या करतच राहिल्या. कारण माहेर तुटेल. भाऊ टॅक्सीने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणतो, फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, बाहेर आल्यावर जेवण आणि वहिनीने घेतलेली साडी. वाईट भाऊच असं करतात असं नाही, चांगलेही करतात.

अशीच एक बहीण टोकन लागायच्या आधी उठून निघून गेली होती. फोनवर हो म्हणाली होती, मसुदा वाचला होता, दागिन्यांवरून वगैरे काही कटुता नव्हती. ती पर्समधून पॅनकार्ड शोधत होती आणि शेजारी भाऊ बिल्डरच्या माणसाशी फोनवर बोलत होता, हॉल केवढा मिळेल, पार्किंग दोन हवीत. बस्स, एवढंच. आमचे वकील तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले, कारण विचारलं. ती म्हणाली, मुलांशी बोलायचं राहिलंय. मुलांशी बोलायचं काही राहिलेलं नव्हतं. त्या फ्लॅटचं पुढे काय झालं ते आमच्या फाइलीत नाही.

शेवटच्या भागात मतदानाच्या आधी केंडल कुठे बसलाय आठवतंय? बापाच्या ऑफिसात, बापाच्या खुर्चीत. सही व्हायच्या आधी मालक झालेला. रोमन विचारतो, मी का नाही? केंडल त्याला मिठी मारतो आणि इतकी आवळतो की त्याच्या कपाळाचे टाके उसवतात. प्रेमाने. मग काचेच्या खोलीत ते वाक्य येतं, मी थोरला मुलगा आहे. अहो, थोरला कॉनर आहे! घरात मोठा सावत्र भाऊ जिवंत आहे, स्टिकर लावून बापाचं सामान वाटतोय, आणि हा थोरला? पण केंडलला खरंच तसं वाटतं. सात वर्षांचा असताना बापाने आईस्क्रीमच्या दुकानात बसवून सांगितलं होतं, हे सगळं तुझं. आणि बाप मेल्यावर वारस म्हणून केंडलचं नाव लिहिलेला कागद सापडला, त्यावर पेन्सिलची रेघ होती, ती नावाखाली होती की नावावरून, यावर अजून माणसं भांडतात.

पण खरा घाव त्याच खोलीत केंडल स्वतःच घालतो. वेटरचं म्हणशील तर तसं काही झालंच नाही, असं तो म्हणतो. इथे मी प्रत्येक वेळी रिमोट हातात घेते. कारण धुळीतला तो कबुलीचा क्षण हा या तीन भावंडांमधला एकमेव खरा क्षण होता. खुर्चीसाठी तो तेही पुसून टाकतो. रोमनच्या डोळ्यांत बोटं घालतो ते त्यानंतर. तोवर शिव्हचं ठरलेलं आहे, फक्त दाराच्या बाहेर पडायचंय.

तर जळली का? जळली, हो. त्यात लपवायचं काय? पण मॅटसनवर नाही जळली, ज्याने तिला खरं फसवलं. परक्याने नेलं तर नुकसान होतं. सख्ख्याने नेलं, आणि वर ते माझंच होतं म्हणाला, तर झोप लागत नाही. भाऊबंदकी पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कोकणात दोन फणसांसाठी तीस वर्षं कोर्टात जातात, फणस कुणी खात नाही.

आता ज्या मैत्रिणी ‘बाईने पितृसत्तेला लाथ मारली’ म्हणून टाळ्या वाजवतात, त्यांनाही सांगायचंय. मिळालं कुणाला? टॉमला. भावाच्या हातून सुटलं ते नवऱ्याच्या हातात पडलं, आणि नवराही असा की मालकाला मार झेलणारा माणूस हवा होता म्हणून निवडलेला. शिव्हच्या हातात काही नाही. तिला ते मत देताना माहीत होतं की नाही? मला वाटतं पूर्ण माहीत होतं. मतदानाच्या खोलीत परत जाताना तिचा चेहरा जिंकलेल्या बाईचा नाही.

या मालिकेच्या मागे मीडियासम्राट रुपर्ट मर्डॉक यांचं घर आहे असं सगळे म्हणत होते. पुढे कोर्टाच्या कागदांतून आलं की लोगनच्या मृत्यूचा भाग बघून त्यांच्या मुलांच्या गोटात खरंच खलबतं सुरू झाली, आपल्या वडिलांच्या मृत्यूनंतर काय करायचं त्याची, आणि एलिझाबेथ मर्डॉक यांच्या प्रतिनिधीने ‘सक्सेशन’चं नाव असलेलं टिपणच लिहिलं. 2025 मध्ये तडजोड झाली. कंपनी लॅकलन यांच्याकडे राहिली, म्हणजे मोठ्या मुलाकडे, आणि वादातल्या बाकी तिघा भावंडांना प्रत्येकी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम. तिथे दोन बहिणी होत्या. त्यांनी सही केली. रक्कम बघता मीही केली असती.

शेवटच्या गाडीतल्या प्रसंगावर मात्र मावशीचं आणि माझं जमत नाही. टॉम हात पुढे करतो, शिव्ह त्याच्या हातावर आपला हात ठेवते, बोटं गुंफत नाही. मावशी म्हणते, “अगं, संसार आहे, होईल ठीक.” मी म्हणते, हा संसार नाही, ही नोकरी आहे, आणि मालक कोण ते दोघांनाही कळलंय. ती म्हणते, तुला काय कळतंय संसारातलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी तिला पहिल्या सीझनमधलं शिव्हचं लग्न पुन्हा बघायला लावलंय. ती टॉमच्या बाजूने बोलायला लागली तर मात्र मी गिरगावात जाणं बंद करणार आहे.