इंजिन घरी उघडा, पण एकट्याने उघडू नका

“हे इंजिन संपलं. भंगारात घाला आणि मोकळे व्हा.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका गॅरेजवाल्याने मला हे तोंडावर सांगितलं. त्याआधी त्यानेच नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या होत्या, पैसे घेतले होते, आणि आवाज होता तसाच राहिला होता. आज सकाळी तीच जुनी येझदी मोटरसायकल घेऊन मी गोव्यातल्या माशेलहून सावईवेरेपर्यंत जाऊन आलो. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण ज्यांच्या मागीलदारी ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी आहे त्यांनी ती पूर्ण वाचावी असं मनापासून वाटतं.

गाडी बाबांची. 1984 सालची येझदी, नंबरप्लेटवर अजून ‘जीडी’, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाची. बाबा मास्तर होते. पावसात रेनकोट घालून, डबा हँडलला अडकवून याच गाडीने शाळेत जायचे, आणि मी टाकीवर पुढे बसायचो. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. गाडी विकायचा विचार घरात कुणी बोलूनही दाखवला नव्हता, त्यामुळे ‘भंगार’ हा शब्द मला फार लागला.

या गाड्यांचं, आधी जावा आणि मग येझदी नावाने, म्हैसूरचं उत्पादन 1961 साली सुरू झालं, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. 1996 साली कारखाना बंद पडला. त्यानंतर आजवर त्या काळातल्या ज्या जुन्या जावा-येझदी रस्त्यावर दिसतात त्या कुणा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने जगवलेल्या नाहीत. ज्यांना त्यांचं वेड आहे अशा माणसांनी त्या जगवल्या आहेत. हे मी आधी ऐकून होतो. यंदा अनुभवलं.

आजार काय होता ते सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या गाडीला हाच असतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर. गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय, पण खाली जमिनीवर एक थेंब नाही. आणि इंजिनाच्या तळातून ठक ठक.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची जागा, म्हणजे क्रँककेस, पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण तिथे ओढलं जातं, पिस्टन खाली आला की ते दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांची सीलं अगदी हवाबंद लागतात. येझदीत डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन, आणि तिथलं ऑइल गिअरबॉक्सशी सामाईक. डावं सील गेलं की इंजिन ते ऑइल पिऊ लागतं आणि पांढरा धूर सोडतं. उजव्या बाजूला डायनमो. ते सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, गाडी आयडलवर आपोआप रेस होते, आणि दुर्लक्ष केलं तर एक दिवस पिस्टन जाम. माझं डावं सील गेलं होतं. ठक ठक मात्र कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांडीच्या, खालच्या बेअरिंगची होती. नवा पिस्टन घालून ती जाणार कशी?

या दोन्हींवर इलाज एकच. इंजिन फ्रेममधून उतरवायचं, मधोमध दुभंगायचं, क्रँक बाहेर काढायचा.

माशेलात चिखलकालो, म्हणजे आषाढातला चिखलात खेळायचा उत्सव, झाला त्याच आठवड्यात मी इंजिन पडवीत आणून ठेवलं. पहिली संध्याकाळ एकट्याने काढली, आणि तिथेच चूक केली. सगळे स्क्रू काढले, तरी केस, म्हणजे इंजिनाचं दोन भागांचं कवच, सुटेना. मी जोडाच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घातला आणि वर हातोडी मारली. ॲल्युमिनियमला खाच पडली. अर्ध्या तांदळाएवढी असेल. त्या वेळी मी ती बोटाने चाचपली आणि ‘एवढीशीच तर आहे’ म्हणून सोडून दिली. ती खाच पुढे परत भेटली.

दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या काकांना फोन केला. काका एकतीस वर्षं बार्जवर इंजिन ड्रायव्हर होते. मांडवीतून खनिज खाली मुरगावला न्यायचं, परत यायचं. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा घरी बसले. त्यांच्याकडे स्वतःच्या दोन येझदी आहेत. ते आले, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “हातोडी आत ठेवून ये. मग बोलू.”

खरं सांगायचं तर ज्ञानापेक्षा त्यांची एक सवय मला जास्त मोलाची वाटली. चार महिन्यांत त्यांनी एकदाही माझ्या हातातला पाना काढून घेतला नाही. मी चुकीच्या बोल्टाला हात घातला की फक्त घसा खाकरायचे. आपल्याकडे मदत करणारे बहुतेक लोक काय करतात? “सर, मी करतो” म्हणतात, पाच मिनिटांत करून देतात आणि निघून जातात. काम होतं, पण घरचा माणूस होता तिथेच राहतो. पुढच्या वेळी परत त्यालाच बोलवायला लागतं. याला मी मदत मानत नाही, अवलंबून ठेवणं मानतो. काही मेकॅनिक तर मुद्दाम पाठ करून काम करतात, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. त्याचा मला राग येतो. ही विद्या कुणाच्या बापाची नाही, आणि लपवून ठेवली तर ती त्या माणसाबरोबरच जाणार आहे.

पुलर, म्हणजे घट्ट बसलेले भाग ओढून काढायचं अवजार, कुंडईच्या एका लेथवाल्याने नमुना बघून करून दिला. येझदीची प्रायमरी चेन अखंड असते, मध्ये जोड नसतो, म्हणून क्रँकचं स्प्रॉकेट आणि क्लच दोन्ही एकदमच ओढून काढावी लागतात. पुलर नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

क्रँक हातात आल्यावर काकांनी रॉड माझ्या चिमटीत दिला. “बाजूला हलव.” हलला. “हे चालतं. आता वरखाली.” तोही किंचित हलला, टक् असा आवाज करून. “हे चालत नाही.” आत बघितलं तर बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे तपकिरी ठिपके. कारण समजून घ्या. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर समुद्राची हवा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. टू-स्ट्रोकमध्ये हे पेट्रोल थेट क्रँकच्या बेअरिंगवरून जातं. गाडी जूनला उभी केली आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, काढली की तीन महिने ते पाणी रोलरवर बसून असतं. माझी गाडी तर बाबांच्या मागे जवळजवळ उभीच होती. म्हणून पावसाळ्यात गाडी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा, मग प्लगच्या भोकातून थोडं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडून किक हळूहळू फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे.

रॉड जिच्यावर फिरतो ती जुनी क्रँकपिन काढून नवी बसवणं घरी होत नाही, त्याला मोठा प्रेस लागतो. घरी काय करायचं नाही हे कळणंसुद्धा या कामात येतं. चोर्ला घाटातून बेळगावला गेलो, तिथे क्रँकची कामं करणारे पुष्कळ आहेत. आठ दिवसांनी क्रँक परत आला. दिसायला सुरेख.

म्हापशाहून एक मुलगी आली होती, पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, वडिलांची रोडकिंग (येझदीचंच एक मॉडेल) तिने स्वतः बांधली आहे. तिने व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, क्रँक ठेवला, बारीक फरक मोजायचा काट्याचा डायल गेज लावला आणि म्हणाली, “दादा, हळू फिरवा.” काटा 0.12 मिलिमीटर हलला. क्रँकची दोन्ही चाकं एका रेषेत नव्हती. चवथ बारा दिवसांवर आली होती, आणि बाप्पाला आणायला बाबांचीच गाडी न्यायची असं मी आईला कबूल करून बसलो होतो. मी म्हटलं, एक दशांश मिलिमीटर म्हणजे काय, केसाएवढं. चालेल. ती म्हणाली, “चालेल. दोन महिने. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे मारतं, दादा. हा केस तो प्रत्येक फेऱ्यात बेअरिंगवर आपटणार.”

एकटा असतो तर मी तो क्रँक तसाच घातला असता, यात मला शंका नाही. सोबत माणसं हवीत ती याचसाठी. आपल्याला घाई असते तेव्हा ज्यांना घाई नाही असं कुणीतरी बाजूला बसलेलं हवं.

मग दोन रविवार क्रँक सरळ करण्यात गेले. काका खडूने चाकाच्या कडेवर खूण करायचे, तांब्याचा हातोडा मी मारायचा. एक घाव, परत व्ही-ब्लॉकवर, परत फिरवायचं, काटा बघायचा. 0.12 चं 0.09 झालं. मग एका घावात 0.15. मी घाबरलो, काका शांत. “कळलं ना आता, किती जोराने मारायचं नाही.” पुढच्या तासाभरात हाताला अंदाज आला. हातोड्याचा आवाजसुद्धा बदलतो, जागा बरोबर असेल तर भरीव येतो. दुसऱ्या रविवारी साडेपाचला दोन्ही टोकांना काटा 0.03 च्या आत थांबला. तिने तीनदा फिरवून बघितलं आणि वहीत आकडा लिहिला. त्या वहीत आमच्या सगळ्यांच्या गाड्यांची मापं आहेत. चवथ तोवर होऊन गेली होती. आई काही बोलली नाही.

बेअरिंग बसवायची वेळ आली. नवी बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये, बांगड्यांच्या पिशवीशेजारी. केस मात्र गरम हवी, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. शंभरेक डिग्रीला भोक एवढं मोठं होतं की थंड बेअरिंग हाताने आत बसतं, ठोकावं लागत नाही. ब्लोलँपने एका जागी तापवलं तर केस वाकडी होण्याची भीती. तर आमच्यातला एक जण पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, आहे, कुंकळ्ळीचा. तो म्हणाला, भट्टी आहे की. केस आम्ही साबणाच्या गरम पाण्याने धुतली, दोन दिवस वाळवली, पेट्रोलचा वासही राहू दिला नाही, यात अजिबात हयगय नको. सकाळचे पाव आणि पोई निघाल्यावर भट्टी निवत आली की त्याने आत मूठभर पीठ फेकलं आणि त्याचा रंग बघत बसला. “राव मात्शें,” म्हणजे जरा थांब, म्हणाला. दोनदा पीठ फेकून झालं. तिसऱ्यांदा पीठ पांढरंच राहिलं, तेव्हा फळीवरून दोन्ही केस आत सारल्या. बाहेर काढल्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो चुरचुरत उडाला. मी कापडात धरून बेअरिंग सोडलं. टप्. खालपर्यंत जाऊन बसलं. एवढा समाधानाचा आवाज मी फार कमी ऐकला आहे.

इंजिन परत जोडून बंद केल्यावर मी लगेच फ्रेममध्ये चढवायला निघालो होतो. कुडचड्याचा आमचा मित्र हॉस्पिटलात ब्रदर आहे, त्याने थांबवलं. त्याने जुन्या बीपीच्या यंत्राचा फुगा आणि काट्याचं मीटर आणलं होतं. येझदीच्या एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, ती दोन्ही तोंडं आणि कार्बोरेटरचं तोंड सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून बंद केली, प्लगच्या भोकातून हवा भरली. मीटरवर 300, म्हणजे साधारण सहा पीएसआय. काटा सहा मिनिटं जागेवर राहायला हवा. दोन मिनिटांत 220 वर आला. साबणाचं पाणी सगळीकडे लावत गेलो. दोन्ही सीलं कोरडी ठणठणीत. आणि खाली, जोडाच्या रेषेवर, एक बारीक बुडबुडा. फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा.

माझी खाच. पहिल्या संध्याकाळची.

कुणी मला बोल लावला नाही. त्याच रात्री इंजिन परत उघडलं. खाचेभोवती ॲल्युमिनियमचा जो काठ वर आला होता तो तेलाच्या दगडावर घासून सपाट केला, खाच साफ करून सीलंट लावलं, परत जोडलं. दसऱ्याला इंजिन पडवीतच होतं, झेंडूची माळ त्यालाच घातली. कोजागिरीच्या आदल्या दिवशी परत 300 भरलं, आणि सहा मिनिटं काटा हलला नाही.

लिटरला 40 मिली टूटी ऑइल घालून पेट्रोल भरलं. सातव्या किकला गाडी सुरू झाली. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून किती तरी वेळ ऐकत राहिले. आई दारात उभी होती. तिने फक्त विचारलं, “तोच आवाज ना रे?”

या कामात एकूण खर्च आला तो नव्या गाडीच्या हप्त्यांपुढे काहीच नाही, पण पैशांसाठी मी हे लिहीत नाही. डिचोली, म्हापसा, कुंकळ्ळी, कुडचडें, चार गावांहून माणसं रविवार मोडून माझ्या पडवीत आली, चहा आणि पोई यावर. ज्यांनी कुणी “भंगारात घाला” म्हणून सांगितलं असेल, त्यांना विचारा की रॉड वरखाली हलवून बघितला का, प्रेशर भरून बघितलं का. बघितलं नसेल तर ते मत धरू नका.

पुलर माझ्याकडे आहे. बीपीचा फुगाही आता माझ्याकडेच ठेवला आहे. पेडण्याहून एक जण येत्या रविवारी त्याचा क्रँक घेऊन येतोय, डायल गेजही असेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी मेसेज करा. अवजारं नेली तरी चालतील, फक्त पाना स्वतःच्या हातात धरायची तयारी ठेवून या.