"एक्सपायर झालेली पावडर दिली" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आईंच्या आतड्याच्या तपासणीच्या आदल्या रात्री तुम्हाला पोट साफ करायच्या दुसऱ्या पावडरीसाठी गावभर फिरावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. काउंटरवरचा मुलगा तुसड्यासारखा बोलला असेल तर तेही चुकलंच.

पण "एक्सपायर झालेलं औषध गळ्यात मारलं" हे तुमचं वाक्य वाचल्यापासून चैन नाही. वडिलांच्या वेळेपासूनचं मेडिकल आहे. परभणीत असं एक वाक्य फिरलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढतं.

तुम्ही पावडर नेली 19 मेला, दुर्बिणीची तपासणी होती 22 ला. पाकिटावर एक्सपायरी छापली आहे 05/2025. त्यातला 05 म्हणजे पाच तारीख नव्हे, मे महिना. नुसता महिना आणि वर्ष छापलेलं असलं की औषधांच्या नियमानुसार त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात, म्हणजे 31 मे. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी दोन्ही आहेत, एकदा काढून बघा. हीच पावडर मी 1 जूनला दिली असती तर तुमचा शब्द न् शब्द मान्य केला असता.

"फ्रिजमध्ये न ठेवता रॅकवर ठेवली होती" असंही लिहिलंय. कोरड्या पावडरीला फ्रिज लागत नाही, बंद पाकीट थंड, कोरड्या जागी असलं की झालं. आमच्या दुकानात त्यासाठीच उन्हाळाभर एसी चालू असतो, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर. फ्रिज लागतो तो पावडर पाण्यात कालवल्यावर, आणि मग ती पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच संपवायची, कुठे 24 तास, कुठे 48. एकदा कालवली की पाकिटावरची 05/2025 धरायची नाही.

राहिली पावडरीचे गोळे झाल्याची आणि आम्ही ती परत न घेतल्याची तक्रार. फोनवर तुम्हीच म्हणालात की पाकीट आदल्या दिवशी कापून कूलरजवळच्या टेबलावर ठेवलं होतं. कूलरची ओल लागली की मिठाचे सुद्धा गोळे होतात, ही तर क्षार असलेली पावडर. आणि कापलेलं पाकीट परत घेऊन मी कोणत्या पेशंटला देणार होतो? नकार दिला तो त्यासाठी. तुमचे पैसे बुडवायचे म्हणून नाही.

एक मात्र माझंच चुकलं. मुदतीला बाराच दिवस उरलेत हे देतानाच सांगायला हवं होतं, तपासणी पुढे गेली असती तर पाकीट वाया गेलं असतं. इथून पुढे असा माल देताना तारीख दाखवून देऊ, बाकीही लक्ष घालतो.

बिल घेऊन या, समोरासमोर बोलू. आईंची तपासणी नीट झाली का तेही कळवा. रिव्ह्यू काढा म्हणत नाही, त्यातला "एक्सपायर" हा शब्द तेवढा बदला.