वाडीच्या ग्रूपवरचा फॉरवर्ड आणि ओपन रिलेशनशिप

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर परवा एक फॉरवर्ड आला, तुमच्याकडेही आला असेलच कारण मला दोन दिवसांत तो चार ठिकाणांहून मिळाला. थोडक्यात असा: ओपन रिलेशनशिप (दोघांच्या संमतीने बाहेरही संबंध ठेवणं) म्हणजे राजरोस लफडं, 2018 ला कोर्टाने मोकळं रान दिलं म्हणून हे फॅड आलं, आपल्या कोकणात असलं कधीच नव्हतं, यातून रोगराई पसरते आणि असली लग्नं वर्षभरात मोडतात. खाली हात जोडलेले दहा इमोजी. ग्रूपवर उत्तर दिलं तर गणपतीत कोण दारात उभं करणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

कोर्टाचं आधी. 27 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं 497 कलम रद्द केलं, बरोबर. पण ते कलम काय होतं ते वाचलंय का कोणी? 1860 पासून त्यात असं होतं की दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला, तोही तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय, तर गुन्हा. नवरा हो म्हणाला की गुन्हाच नाही! आणि नवऱ्याने बाहेर एखाद्या बिनलग्नाच्या बाईशी काहीही केलं तरी या कलमात बसत नव्हतं. म्हणजे बायको ही बागेतल्या हापूससारखी, मालकाला विचारून काढला तर चोरी नाही. आणि मोकळं रान वगैरे काही नाही, हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे आजही घटस्फोटाचं कारण आहे, फक्त ज्याने स्वतःच संमती दिली होती त्याला त्याच कारणावरून घटस्फोट मागता येत नाही.

आता 'कोकणात नव्हतं'. हसू की रडू? अर्धं कोकण मुंबईला गिरणीत, बाप्ये शिमग्याला नि गणपतीला येणार, बाकी वर्ष बायको इथे शेत, गुरं, सासूसासरे बघणार, आणि मुंबईत कोणाकोणाचं 'दुसरं घर' होतं ते प्रत्येक वाडीत माहीत असायचं. फॉरवर्ड ज्या काकांनी टाकला त्यांचंही. काकूंना माहीत असेल का, असेलच, पण विचारायची पद्धत नाही. माझी मावशी एकदा म्हणाली होती, "लपान केला तर चलता, सांगान केला तर पाप." हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला मुंबई प्रांतात कायद्याने बंदी आली तीसुद्धा 1946 ला. आणि बाईच्याही लैंगिक सुखाबद्दल उघड लिहिणारे र. धों. कर्वे कुठल्या पाश्चात्य गावचे? घराणं दापोलीजवळच्या मुरूडचं. 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली.

लफडं आणि ओपन यात फरक एकच, तिसऱ्या माणसाबद्दल दोघांना आधीपासून माहीत असतं आणि दोघं हो म्हणालेले असतात. माझी एक मैत्रीण आहे, नवरा बोटीवर, सात-आठ महिने घराबाहेर. मे महिन्यात तिच्या पडवीत रातांबे फोडत बसलो होतो, दोघींचे हात कोपरापर्यंत लाल, तेव्हा तिने सांगितलं. विषय तिनेच काढला होता म्हणे, त्याने नाही. नियम मोबाईलमध्ये लिहून ठेवलेत: गावात नाही, नात्यात नाही, आधी सांगायचं, टेस्ट करायच्या, आणि एकाने बंद म्हटलं की बंद. पहिल्यांदा कळलं तेव्हा तो दोन रात्री झोपला नाही, तिला जहाजावरून सारखे फोन. मत्सर जात नाही, बोलावं लागतं, ती म्हणाली. सगळ्यांचं कारण अंतर असतं असं नाही, कोणाची इच्छाच फार वेगवेगळी असते, कोणाला लग्नानंतर कळतं की आपल्याला बायकाही आवडतात, आणि संसार मोडायचा तर नसतो. मला स्वतःला हे झेपणार नाही, नवऱ्याने नुसतं एखादीचं कौतुक केलं तरी माझं आमटीतलं मीठ चुकतं.

रोगराईचं उलटं आहे. 2012 च्या एका अमेरिकन अभ्यासात गुपचूप फसवणारे लोक ओपन असलेल्यांपेक्षा कंडोम कमी वापरताना दिसले. साहजिकच आहे, लपवणारा माणूस टेस्टचा रिपोर्ट ठेवणार कुठे?

एक मात्र फॉरवर्डवाल्यांना द्यायला हवं. पकडला गेल्यावर 'आपण ओपन करूया' म्हणणारे नवरे आहेत, आणि घर सुटेल या भीतीने हो म्हणणाऱ्या बायकाही. पैसे, घर सगळं एकाच्या हातात असेल तर त्या 'हो'ला मी संमती म्हणणार नाही.

आणि मोडण्याचं म्हणाल तर मोडतात काही, तशी ओपन नसलेलीही मोडतात. मैत्रिणीला विचारलं, तुमचं किती दिवस चालणार? "जुलैत उतरतोय तो, तेव्हा परत बोलायचं ठरलंय, कदाचित बंदही करू," ती म्हणाली, आणि मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली.