"बर्फ लावू नका, शॉक बसेल": समुद्रकाठच्या मॅरेथॉनचा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

धावणाऱ्यांच्या ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, "समुद्रकिनारी मॅरेथॉन आणि अचानक ऊन वाढलंय? घाबरू नका, हे सात नियम पाळा", खाली "अनुभवी कोचकडून" असं लिहिलंय, कोण कोच ते नाही. मी बघून सोडून दिला होता. पण काल तो माझ्या धाकट्या बहिणीने मला पाठवला, तिची ही पहिलीच फुल मॅरेथॉन, आणि खाली विचारलं होतं, "दादा, चार लिटर पाणी शर्यतीआधीच संपवायचं ना?" आता गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, समुद्राचा वारा अंग थंड ठेवतो म्हणून किनाऱ्यावर उन्हाचा त्रास होत नाही. दोन, स्टार्टच्या आधी चार लिटर पाणी आणि नंतर वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर पोटभर. तीन, घाम येतोय तोवर उष्माघात होऊच शकत नाही. चार, कुणी कोसळलं तर बर्फ किंवा गार पाणी लावू नका, शॉक बसून हृदय बंद पडेल, पांघरूण घालून हॉस्पिटलला न्या. पाच, निघण्याआधी एक पेनकिलर. सहा, टार्गेट पेस म्हणजे आधी ठरवलेला वेग सोडू नका, उष्णता मनात असते. सात, दोन दिवस आधी भर उन्हात धावून शरीराला सवय लावा.

क्रमाने जात नाही. आधी चौथा मुद्दा, कारण या एका मुद्द्यामुळे वाचू शकणारा माणूस मरू शकतो.

धावताना होणारा उष्माघात म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ४० डिग्रीच्या वर गेलंय आणि मेंदू गोंधळलाय. मेंदू, यकृत, किडनी, स्नायू सगळंच त्या तापमानाला बिघडायला लागतं, आणि किती नुकसान होणार हे पारा किती चढला यापेक्षा तो किती वेळ वर राहिला यावर जास्त ठरतं. म्हणून घाई असते ती अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणायची. आणि हा मेसेज सांगतो पांघरूण घाला! तापलेल्या शरीरातली उष्णता आत कोंडून, ट्रॅफिकमधून हॉस्पिटलला.

आता पुरावा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर फालमथला ऑगस्टमध्ये एक रोड रेस होते, अंतर फक्त ७ मैल म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर, समुद्राला लागून, हवा गरम आणि दमट. तिथल्या मेडिकल टेंटच्या १८ वर्षांच्या नोंदी २०१५ मध्ये 'मेडिसिन अँड सायन्स इन स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज' या जर्नलमध्ये छापून आल्या. उष्माघाताच्या २७४ केसेस. उपचार काय केला, तर बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं, तिथेच, लगेच. तापमान मिनिटाला साधारण ०.२ डिग्रीने उतरत गेलं, म्हणजे साडेएक्केचाळीसवरून एकोणचाळीसवर यायला बारा-तेरा मिनिटं. २७४ पैकी किती वाचले? २७४. सगळे. ज्याला बर्फाने हृदय बंद पडतं असं म्हणायचंय त्याने आधी हा आकडा बघावा.

यात एक अर्धसत्य आहे तेवढं मान्य करतो. गार पाण्यात उतरल्यावर श्वास एकदम जोरात लागतो, हुडहुडी भरते, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याच्यावर नीट नजर ठेवावी लागते. पण आकसलेल्या रक्तवाहिन्या धरूनही बर्फाच्या पाण्याइतकं झपाट्याने दुसरं काहीच शरीर थंड करत नाही, आणि न थंड केलेला उष्माघात हृदयाला त्याहून कितीतरी घातक आहे. स्पोर्ट्स मेडिसिनमधला आज सर्वमान्य नियम आहे, आधी थंड करा मग हलवा.

मी हे तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. एका शर्यतीत शेवटच्या टप्प्यात पाण्याच्या टेबलापाशी व्हॉलंटियर होतो. एक जण आला तो रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला झोकांड्या खात, टीशर्ट घामाने अंगाला चिकटलेला, कोपरातून थेंब गळतायत. कप घ्यायला हात पुढे केला आणि मूठ कपाच्या शेजारी हवेतच मिटली. नाव विचारलं तर छातीवर लावलेला बिब नंबर सांगायला लागला आणि तोही चुकीचा. आम्ही बर्फाची पिशवी फोडली तर मागून दोघं ओरडले, बर्फ नको, शॉक बसेल, एकाने तर माझं मनगटच धरलं. मेडिकलच्या मुलीने त्याला बाजूला सारलं, आम्ही ताडपत्री चारी बाजूंनी उचलून धरली, त्यात त्याला झोपवून बर्फ आणि पाणी ओतत राहिलो, आणि काही वेळाने त्याने स्वतःचं नाव सांगितलं. तो वाचला. पण त्या वादात जो वेळ गेला तो असल्याच मेसेजनी खाल्ला.

टब किंवा ताडपत्री नसेल तर मिळेल ते गार पाणी सतत अंगावर ओता, ओले गार टॉवेल अंगभर टाका आणि ते तापले की बदलत राहा, मान, काखा, जांघांत बर्फ ठेवा, वारा घाला. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लगेच करा, पण ती येईपर्यंत हात थांबता कामा नयेत.

याच प्रसंगात तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे. तो माणूस घामाने निथळत होता. कातडी कोरडी पडणं हे लक्षण मुख्यतः उष्णतेच्या लाटेत घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या उष्माघाताचं, धावपटूंचा घाम बऱ्याचदा चालूच असतो. कपाळाला हात लावून किंवा कपाळावर थर्मामीटर धरूनही कळत नाही, ओली कातडी गार लागते आणि आत एक्केचाळीस असतं. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. उगाच चिडतोय, असंबद्ध बोलतोय, चाल बिघडलीय, कुठे आहोत ते सांगता येत नाही, यातलं काहीही दिसलं आणि बाहेर गरम आहे तर घामाकडे बघू नका.

आता बहिणीच्या चार लिटरकडे येतो. किडनी तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकू शकते, धावताना त्याहूनही कमी, कारण तेव्हा शरीरच पाणी धरून ठेवायचा आदेश देत असतं. उरलेलं पाणी रक्तातलं सोडियम पातळ करतं, मेंदूला सूज येते, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ रनर्सचं फिनिशनंतर रक्त तपासलं होतं, २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने ते छापलं. १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. सगळ्यात ठळक संबंध कशाशी होता, तर शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे घामाने गेलं त्याहून जास्त पिण्याशी. आणि चार तासांहून जास्त वेळ लागणाऱ्यांना धोका जास्त. म्हणजे नेमके पहिल्यांदा धावणारे, सावकाश जाणारे, प्रत्येक टेबलावर थांबून नियम पाळणारे. इलेक्ट्रोलाइटवालं ड्रिंक घेतलं म्हणून सुटका नाही, तेही बहुतेक पाणीच असतं. तहान लागेल तसं प्या, घोट घोट. बोटातली अंगठी रुतायला लागली, पोट डचमळतंय, डोकं जड झालंय आणि तरी पाणी ढोसताय, तर थांबा आणि मेडिकलवाल्यांना दाखवा.

समुद्राच्या वाऱ्याचा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो म्हणून तोही बघू. शाळेत शिकलोय आपण, खारे वारे जमीन तापल्यावर समुद्राकडून येतात, पहाटे उलटे मतलई वारे असतात किंवा पानही हलत नाही. मॅरेथॉन सुटते पहाटे. पुढे वारा सुटला तरी तो समोरून किंवा बाजूने आला तरच उपयोग, पाठीमागून तुमच्याच वेगाने आला तर अंगाला वारा शून्य. आणि खरी अडचण दमटपणाची आहे. धावताना माणूस किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जाळतो आणि त्यातली तीन चतुर्थांश तरी नुसती उष्णता होते. साठ किलोच्या माणसाची ही उष्णता बाहेरच पडली नाही तर दर किलोमीटरला शरीर जवळजवळ एक डिग्रीने तापेल. ती बाहेर काढतो तो घाम, पण वाळला तरच. दमट दिवशी दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात, तसा किनाऱ्यावर घाम नुसता गळतो, थंड काही करत नाही. म्हणूनच शर्यतीत धोका मोजायला जे डब्ल्यूबीजीटी वापरतात त्यात ओल्या बल्बच्या तापमानाला, म्हणजे थर्मामीटरला ओलं कापड गुंडाळून मोजलेल्या, दमटपणा दाखवणाऱ्या तापमानाला, ७० टक्के वजन असतं आणि साध्या तापमानाला फक्त १०. मोबाईलवर ३१ दिसतंय ना, मग काय एवढं, असं म्हणून चालत नाही.

ऊन नसलं तरी काय होतं त्याचं उदाहरण कतारमधल्या दोहाचं. २०१९ च्या अ‍ॅथलेटिक्स वर्ल्ड चॅम्पियनशिपची महिला मॅरेथॉन २७ सप्टेंबरला मुद्दाम मध्यरात्री सोडली, समुद्राकाठच्या रस्त्यावर. तापमान तिशीच्या वर, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर. जगातल्या निवडक ६८ बायका सुटल्या, ४० पोचल्या. जिंकणारीला २:३२:४३ लागले, जी त्याच वर्षी जानेवारीत दुबईला २:१७:०८ मध्ये धावली होती. पंधरा मिनिटं जास्त, आणि तरी पहिली. उष्णता मनात असते म्हणणाऱ्या सहाव्या मुद्द्याला यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. टार्गेट थंड हवेत ठरवलेलं असतं, हवा बदलली की ते गेलं.

पेनकिलर: नको. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि गरमीत धावताना तो आधीच कमी झालेला असतो. पॅरासिटामॉलने उष्माघात टळतो असंही कुणी म्हणतं, तेही चूक, कारण हा ताप नाही, मेंदूने थर्मोस्टॅट वर केलेला नाही, बाहेरून-आतून तापलंय.

राहिला सातवा. सवय लागते हे खरं आहे, नाईलाजाने का होईना मेसेजला हा एक मार्क. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण त्याला १० ते १४ दिवस रोज थोडं थोडं गरमीत धावावं लागतं. दोन दिवसांत यातलं फारसं काही होत नाही, उलट आदल्या दिवसांच्या उन्हाचा थकवा घेऊन स्टार्टला उभं राहिलात तर धोका वाढतो. अचानक वाढलेल्या उन्हाची हीच गोची आहे की कुणालाच सवय नसते. २०१२ मध्ये बॉस्टनला असाच अचानक उन्हाळा आला तेव्हा आयोजकांनी आधीच सांगितलं होतं, नवखे असाल किंवा पूर्ण फिट नसाल तर यंदा धावू नका, पुढच्या वर्षी या, तुमची जागा राखून ठेवतो. ज्यांना तरीही धावायचंय त्यांनी पहिल्या किलोमीटरपासून वेग उतरवावा, तिसाव्या किलोमीटरला जीव नकोसा झाल्यावर नव्हे, डोक्यावर-मानेवर पाणी ओतत राहावं, आणि आदल्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले असतील तर स्टार्टलाच जाऊ नये.

हा मेसेज ज्यांनी ग्रुपवर टाकलाय त्यांनी डिलीट करून भागणार नाही, तो पुढे गेलेला आहे. त्याच ग्रुपवर किमान बर्फाबद्दलची आणि चार लिटरबद्दलची दुरुस्ती टाका, शर्यतीच्या आधी.