भरतीरेषेजवळ राहणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी

कोकणात समुद्राकाठी घर बांधायचं असेल, किंवा आहे ते टिकवायचं असेल, तर पर्यावरणाचे नियम वाचत बसू नका. आधी वाडी बघा. खारवीवाड्यात, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीत, जन्म घेतला असेल तर तिथेच तुमचं चुकलं. गल्ल्या अरुंद, दारं उघडी, माणसं घरात. पालिकेचा माणूस दुचाकी लावतो आणि तासाभरात दंडाच्या दहा पावत्या फाडून मोकळा होतो. खाडीपलीकडच्या रिसॉर्टला मात्र गेट असतं, गेटवर वॉचमन असतो आणि मालक मुंबईला असतात. मग नोटीस गेटच्या गजात अडकवली जाते आणि पावसात भिजते.

बांधकामाचं म्हणाल तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011 ची, मग 2019 ची. तुमचं चिऱ्याचं घर या तिन्हींच्या आधीचं, पणजोबांच्या हातचं असेल तर फारच वाईट. 'अधिकृत' घराची दुरुस्ती कायद्याला चालते. पणजोबांनी ते कोणत्या साहेबाकडून अधिकृत करून घ्यायचं राहिलं, ते त्यांनाच विचारा. कौलं चाळायला शिडी लावलीत की ती बातमी तुमच्या आधी तलाठ्याकडे पोहोचते.

त्यापेक्षा अंगणातला जाळ्यांचा मांडव मोडा. तेच बांबू पुळणीवर उभे करा, वर झावळ्या घाला, खाली दोन आरामखुर्च्या टाका. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषेपासून 10 मीटर सोडून तात्पुरत्या पर्यटन सुविधा करता येतात. तात्पुरत्या म्हणजे किती दिवस, ते विचारू नये. काही सुविधांना आता फरशी बसली आहे, एसी लागला आहे, तरी त्या तात्पुरत्याच आहेत. (तसं पाहिलं तर आपण सगळेच.)

गंमत अशी की मासे सुकवायची जागा, जाळी शिवायची जागा, लिलावाची शेड यांनाही कायद्यात मुभा आहे. पण पर्यटकांना सुकटीचा वास येतो म्हणून जो तंबी द्यायला आला आहे, त्याला हे ऐकवू नका. त्याने ते वाचलेलं नसतं, आणि तुम्ही वाचलंय हे कळलं की त्याला अंगणातलं आणखी काहीतरी दिसायला लागतं.

दंडाचा हिशेबही शिकून घ्या. 2018 च्या प्लास्टिकबंदीत पहिल्यांदा सापडलात तर 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. पाटीवर बांगडे विकणाऱ्या मावशींनी गिऱ्हाइकाला काळी पिशवी दिली की त्या थेट या शिडीवर चढतात. आता किनारा नियमन ज्याच्या आधाराने चालतं तो 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा बघा. त्याच्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. 1 एप्रिल 2024 पासून ती गेली आणि 10,000 ते 15 लाखांचा दंड आला. दंड बुडवलात तर मात्र तुरुंग आहे, पण ज्याला तो होतो तो भरतो. तेव्हा नियम मोडायचाच तर जरा ऐसपैस मोडा. पिशवी गरिबाला परवडत नाही.

कारखाना काढायची ऐपत असेल तर उत्तमच. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतले मासे मरतात, हे खाडीत मासेमारी करणारी भोई मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली. 2011 च्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीच्या अहवालातही लोट्याची कैफियत आली. अहवाल जाडजूड आहे, कपाटात छान बसतो. मेलेल्या माशांचं एक बरं असतं, ते भरतीला वर येतात आणि ओहोटीला निघून जातात. नमुना घेणारी गाडी पोहोचेपर्यंत पाणी नितळ झालेलं असतं. याउलट तुमच्या मोरीचं पाणी गटारात पडतं ते रोज, त्याच जागी, ऑफिसच्या वेळेत.

एवढं करूनही रिसॉर्टची तक्रार करायची हौस असेल तर जरूर करा, लेखी करा, पोच घ्या. फक्त अर्जावर तुमचं नाव आणि पत्ता लागतो आणि पाहणीला येणारा माणूस आधी त्याच पत्त्यावर येतो. रिसॉर्टचं गेट त्या दिवशी बंद असतं. तेव्हा अर्ज टाकायच्या आदल्या दिवशी परसातला पाचोळा जाळू नका, न्हाणीघराचं पाणी माडाच्या आळ्यात वळवा, आणि चहाला दूध आहे ना, ते बघून ठेवा.