‘बेंगाल’ने एकटीने बुडवली? जरा थांबा

नौदल दिन जवळ आला की एक ढकलसंदेश हटकून येतो: ‘११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात भारतीय विनाशिका बेंगालने आपल्या चार इंची तोफेने दोन जपानी क्रूझरशी एकटीने झुंज दिली, एक बुडवली आणि सोबतचं निःशस्त्र तेलवाहू जहाज वाचवलं.’ लढाई खरी आहे, तारीखही खरी. बाकी तपशिलात मात्र बराच घोळ आहे.

विनाशिका? नाही. बेंगाल हे सिडनीत बांधलेलं, जेमतेम साडेसहाशे टनांचं माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारं जहाज. नवंकोरं, ऑस्ट्रेलियाहून भारताकडे निघालेलं आणि वाटेत एस्कॉर्टचं, म्हणजे दुसऱ्या जहाजाला सोबत देऊन राखण्याचं, काम अंगावर पडलेलं.

चार इंची तोफ? तीही नाही. बेंगालवर १२ पौंडी, म्हणजे ७६ मिलिमीटरची तोफ होती. तिचा गोळा सहा किलोही भरत नाही. समोरच्या जपानी जहाजांवरील १४ सेंटिमीटर तोफांचा गोळा ३८ किलोंच्या आसपास.

मग चार इंची तोफ कुठे होती? ज्याला संदेश ‘निःशस्त्र’ म्हणतो त्या डच तेलवाहू ऑन्डिनाच्या पिछाडीला! गोळे जेमतेम तीसेक, तोफखान्यात डचांबरोबर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियनही.

समोरच्या होकोकू मारू आणि ऐकोकू मारू ह्यादेखील खऱ्या क्रूझर, म्हणजे चिलखती युद्धनौका, नव्हेत. दहा हजार टनांवरची ही मुळात प्रवासी-मालवाहू जहाजं, त्यांवर तोफा आणि टॉर्पेडो नळ्या चढवलेल्या. चिलखत नाही. ‘एवढीशी तोफ काय करणार’ या शंकेचं उत्तर इथेच आहे. गोळा होकोकूच्या टॉर्पेडो नळ्यांपाशी पडला, आग भडकली, स्फोट झाला आणि जहाज बुडालं. म्हणजे घात केला तो तिच्याच टॉर्पेडोंनी. गोळ्याने फक्त ठिणगी पुरवली.

तो गोळा कोणाचा? दोन्ही जहाजांनी श्रेय सांगितलं. माझं मत ऑन्डिनाकडे झुकतं: तोफ मोठी, गोळा अडीचपट जड. पण बेंगालचा वाटा त्याने उणा होत नाही. बेंगालचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ऑन्डिनाला निसटायला सांगितलं आणि स्वतः शत्रूच्या अंगावर जहाज घातलं. जपानी तोफा तिच्यात गुंतल्या, म्हणून ऑन्डिनाला नेम धरता आला. (या कामगिरीबद्दल विल्सनना डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं, आणि ते योग्यच होतं.)

‘वाचवलं’ हा शब्द तर फारच सैल. दारूगोळा संपत आल्यावर बेंगाल धुराच्या पडद्याआड निघून गेली. त्यानंतर ऐकोकूने ऑन्डिनावर टॉर्पेडो सोडले, बोटींत उतरलेल्या खलाशांवर मशीनगन चालवली. ऑन्डिनाचे कॅप्टन हॉर्समन या लढाईत मारले गेले. ऐकोकू होकोकूचे वाचलेले लोक उचलून गेली, तेव्हा ऑन्डिना अजून तरंगत होती. खलाशी परत चढले, आग विझवली आणि १८ नोव्हेंबरला तिला ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात नेलं. तिला वाचवलं ते त्यांनी.