टीटीएल हा फापटपसारा नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

मोंढ्यातले भाव वेब पुशनं, म्हणजे वेबसाइटवरून फोनवर येणाऱ्या नोटिफिकेशननं, कसे कळवायचे यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. लेखात मी टीटीएल (न पोचलेला निरोप किती वेळ सांभाळायचा ती मुदत) आणि टॉपिक (थांबलेल्या निरोपाला लावायची खूण) जपून द्यायला सांगितलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "सर, पुस्तकी ज्ञान पाजळू नका. टीटीएल, टॉपिक हा सगळा फापटपसारा आहे, लायब्ररी आपोआप बघून घेते. पान उघडताच परवानगी मागायची, चार ओळींत काम होतं. आणि मोंढ्यातला भाव व्हॉट्सॲपवर येतोच की." वर हसणारे चेहरे.

मतभेदाचं वाईट वाटत नाही, 'पाजळू नका' ही भाषा खटकली. लातूर-जालन्याच्या आडत दुकानांसाठी भाव कळवणारी ॲप्स मी बांधलीत आणि वर्षानुवर्षं चालवलीत. अशा माणसाला पुस्तकी म्हणण्याआधी लेख तरी शेवटपर्यंत वाचायचा. एक मात्र मान्य: आयफोनचा भाग मी एका ओळीत उरकला. आयओएस १६.४ पासून वेब पुश मिळतं, पण साइट होम स्क्रीनवर जोडून तिथून उघडली तरच. सफारीच्या साध्या टॅबमध्ये नाही. ही भर लेखात घातली आहे.

आता 'लायब्ररी आपोआप बघून घेते' याबद्दल. काय बघून घेते? नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची) वेब-पुश लायब्ररी, म्हणजे निरोप पाठवणारा तयार कोड, टीटीएल दिला नाही तर २४१९२०० सेकंद धरते, म्हणजे चार आठवडे. फोन बंद असला किंवा रेंज नसली तर पुश सेवा, म्हणजे निरोप फोनपर्यंत नेणारी ब्राउझरवाल्यांची यंत्रणा, तेवढे दिवस निरोप सांभाळून ठेवू शकते. सणाच्या शुभेच्छांना हे चालेल, सोयाबीनच्या भावाला नाही. शिवारात रेंज नाही, गावात रात्रभर लाइट नाही, फोन उतरलेला. मंगळवारचा भाव गुरुवारी सकाळी फोन सुरू झाल्यावर येतो आणि ताजा वाटतो, कारण नोटिफिकेशनवर वेळ दिसते ती पोचल्याची, पाठवल्याची नव्हे. त्यावर विसंबून कुणी पिकअप भरून मोंढ्यात आणली, तर भाडं आणि तूट दोन्ही त्याच्या अंगावर. तुमच्या चार ओळी तेव्हा कुठं असतात?

म्हणून टीटीएल आपण मोजून द्यायचा. दुपारी १ ला सौद्याचा भाव पाठवला आणि संध्याकाळी ६ नंतर तो कामाचा नसेल, तर ५ तास, म्हणजे १८०००. हे सेकंद आहेत. जावास्क्रिप्टच्या सवयीनं मिलीसेकंद टाकले की सगळं मुसळ केरात.

टॉपिकचंही तसंच. तासाभरात सुधारित भाव पाठवलात, तर सेवेकडं थांबलेल्या जुन्या निरोपाची जागा नव्यानं घ्यावी म्हणून तो असतो. त्यात जास्तीत जास्त ३२ चिन्हं: रोमन अक्षरं, अंक, आडवी रेघ, अंडरस्कोअर. 'सोयाबीन' देवनागरीत लिहिलंत तर लायब्ररी तिथंच अडेल. पण पोचून पडद्यावर बसलेल्या जुन्या भावाला टॉपिक हात लावत नाही. त्यासाठी सर्व्हिस वर्करमध्ये (पान बंद असतानाही ब्राउझरमध्ये मागं चालणाऱ्या साइटच्या कोडमध्ये) नोटिफिकेशन दाखवताना 'टॅग' द्यायचा, म्हणजे त्याच टॅगचं नवं आलं की जुनं जातं. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि लेखातही ती वेगळीच लिहिली होती.

एवढं करूनही भावाची तारीख मजकुरातच लिहा. जागा भरपूर आहे: एन्क्रिप्शन धरून ४०९६ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, तरी बाजाराचं नाव, तारीख आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर आरामात मावतात.

पान उघडताच परवानगी? फायरफॉक्सनं ७२ व्या आवृत्तीपासून क्लिकशिवायची विचारणा पुढं येऊच देणं बंद केलं. क्रोममध्ये माणसानं एकदा 'ब्लॉक' दाबलं की कोडमधून परत विचारता येत नाही, त्यालाच सेटिंगमध्ये जावं लागतं. 'भाव कळवा' असं बटण ठेवा, ते दाबल्यावर विचारा. व्हॉट्सॲपचा मुद्दा इथं गैरलागू आहे. ग्रुप चालवा, कुणी अडवलंय?

आणि हसण्यापेक्षा हे करून बघा. फोन विमान मोडवर टाका, टीटीएल न देता चाचणीचा भाव पाठवा, दुसऱ्या दिवशी मोड काढा. मग तोच प्रयोग १८००० देऊन करा. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट इथं टाका, पुढचं त्यावर बोलू.